आवाजाचें टपाल

परगांवच्या माणसाशीं दूरध्वनीवरून बोलणें हा एके काळीं मध्यमवर्गीय घरांतील एक लहानसा समारंभच होता. ट्रंक कॉल आधीं नोंदवावा लागे. तो लागेपर्यंत घरांतील मंडळी यंत्राभोवतीं ताटकळत बसत. आणि लागल्यावर तीन-तीन मिनिटांच्या हिशेबानें आकार पडत असल्यामुळें 'सर्व खुशाल ना?' याच्यापुढें संभाषण क्वचितच जाई. आज पुण्यांतील आजी शिकागोंतील नातवाशीं रोज अर्धा तास बोलते, आणि त्या बोलण्याचें वेगळें बिल कोणीहि पाठवीत नाहीं. हा आवाज नेमका कोणत्या तारेनें जातो, असा प्रश्न एखाद्या जिज्ञासु माणसाच्या मनांत आल्यास त्याचें उत्तर मोठें चमत्कारिक आहे. आजी आणि नातू यांच्यासाठीं कोणतीहि एक तार जोडलेली किंवा राखलेली नसते. त्यांचें बोलणें तुकड्यातुकड्यांनीं, टपालाच्या पाकिटांप्रमाणें जातें. बोलण्यासारखी क्षणजीवी गोष्ट टपालानें पाठविणें शक्य कसें झालें, आणि तसें करतांना माणसानें काय मिळविलें व काय गमाविलें, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम जुनी व्यवस्था ध्यानांत घेतली पाहिजे. तिचा पाया एका सरळ कल्पनेवर घातलेला होता: दोन माणसांना बोलावयाचें असल्यास त्यांच्यामध्यें एक अखंड वाट जोडून द्यावी. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें १८८२ सालीं टेलिफोन एक्स्चेंजें सुरू झालीं, तेव्हां हें जोडण्याचें काम माणसाच्या हातानें होई. पुढें तें यंत्रांकडे गेलें. १९६० सालीं कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान भारतांतील पहिली थेट परगांव-सेवा सुरू झाली, आणि त्या मार्गावर मधल्या ऑपरेटरचीहि गरज उरली नाहीं. परंतु हात बदलले तरी कल्पना तीच राहिली. माणूस बोलो अथवा गप्प बसो, रिसीव्हर खालीं ठेवीपर्यंत ती वाट त्या दोघांचीच असे. आगगाडीचा अख्खा डबा एकाच प्रवाशाच्या नांवें राखून ठेवावा, तसा हा प्रकार होता. तो खर्चाचा खरा, पण खात्रीचा होता. एकदां वाट मिळाली कीं शब्द वाटेंत अडकण्याचें भय नसे.

इंटरनेटची कल्पना याच्या अगदीं उलट आहे. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पॉल बॅरन आणि इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांनीं स्वतंत्रपणें असा विचार मांडला कीं, पाठवावयाच्या मजकुराचे लहान लहान तुकडे करावे, प्रत्येक तुकड्यावर त्याचा पत्ता लिहावा, आणि तो सर्वांच्या सामाईक वाटेवर सोडून द्यावा. या तुकड्याला अभियंते 'पॅकेट' म्हणतात. मराठींतील पाकीट हा शब्द येथें चपखल बसतो. वाटेवरच्या प्रत्येक चौकांत राउटर नांवाचें यंत्र असतें. तें पाकिटावरचा पत्ता वाचतें आणि त्याला पुढच्या चौकाकडे धाडतें. एकाच तारेवरून हजारो लोकांचीं पाकिटें एकामागून एक जातात. त्यामुळें कोणाच्याहि मौनासाठीं तार अडून राहत नाहीं. या तत्त्वावर उभारलेलें 'अर्पानेट' हें अमेरिकेंतील जाळें १९६९ सालीं सुरू झालें, आणि आजचें इंटरनेट हें त्याचेंच पुढचें रूप होय.

मात्र या व्यवस्थेची एक अट प्रारंभापासून स्पष्ट होती. हें जाळें कसलेंहि वचन देत नाहीं. गर्दी झाली तर पाकीट चौकांत थांबतें. गर्दी फारच झाली तर तें सरळ टाकून दिलें जातें. आणि मागून निघालेलें पाकीट दुसऱ्या वाटेनें आधीं पोंचूं शकतें. पत्रव्यवहाराला ही अट चालण्यासारखी आहे. संभाषणाला ती कितपत चालेल, हाच खरा प्रश्न होता.

त्याआधीं आवाज पाकिटांत भरतां येतो तरी कसा, हें पाहिलें पाहिजे. आवाज म्हणजे हवेंतील लाटा, आणि लाटेचा तुकडा कापून पाकिटांत घालतां येत नाहीं. ही अडचण इंटरनेटच्या पुष्कळ आधीं सुटलेली होती. १९३७ सालीं ॲलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्यानें पॅरिस येथें काम करीत असतां असें सुचविलें कीं, लाटेची उंची ठराविक अंतरानें मोजावी आणि लाटेऐवजीं हीं मापेंच आंकड्यांच्या रूपानें पाठवावीं. दुसऱ्या टोकाला त्या आंकड्यांवरून लाट पुन्हां उभी करतां येते. दूरध्वनीवर बोलणें समजण्यासाठीं सेकंदाला सुमारें ३,४०० कंपनांपर्यंतचे स्वर पुरतात, आणि असे स्वर नीट टिपण्यासाठीं त्यांच्या दुपटीहून अधिक वेळां मोजमाप करावें लागतें. म्हणून सेकंदाला ८,००० मापें घेण्याची रीत रूढ झाली. प्रत्येक माप ८ बिटांत, म्हणजे एका बाइटांत, लिहिलें जातें. अशा रीतीनें एका माणसाच्या एका सेकंदाच्या बोलण्याचे ६४,००० बिट होतात. १९७२ सालीं ही पद्धति आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली, आणि आजहि ती पुष्कळ ठिकाणीं वापरांत आहे.

आतां हीं मापें पाकिटांत भरावयाचीं. साधारणतः २० मिलिसेकंदांचें, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचें बोलणें एका पाकिटांत घालतात. त्यांत १६० मापें, म्हणजे १६० बाइट मावतात. त्यांवर पत्ता, अनुक्रमांक आणि वेळ यांची नोंद करण्यासाठीं आणखी ४० बाइट खर्ची पडतात. बोलणाऱ्याकडून अशीं ५० पाकिटें दर सेकंदाला निघतात. बोलणें याहून आंखूड करून लिहिण्याच्या युक्त्याहि आहेत. १९९६ सालीं मान्य झालेल्या एका पद्धतींत तेंच संभाषण सेकंदाला ८,००० बिटांत बसतें. पण तेव्हां एक मौजेची गोष्ट घडते: पाकिटांतील मजकूर अवघा २० बाइट भरतो आणि वरची नोंद ४० बाइटच राहते, पत्रापेक्षां पाकीटच दुप्पट जड होतें. मग एकाच पाकिटांत अधिक बोलणें कां भरूं नये? कारण पाकीट भरेपर्यंत तें निघूं शकत नाहीं, आणि भरण्यांत जाणारा प्रत्येक क्षण उत्तरास उशीर करतो.

या सर्व प्रकरणाचें मर्म या उशिरांतच आहे. पाकीट हरवलें तर तें पुन्हां मागवावें, आणि तें येईपर्यंत त्याच्या मागचीं सर्व पाकिटें थोपवून धरावीं, असा नियम पत्रासाठीं किंवा पैशाच्या व्यवहारासाठीं योग्यच आहे. तेथें एक अक्षरहि गळतां कामा नये. बोलण्याचा स्वभाव निराळा असतो. वाक्यांतील एक लहानसा ध्वनि गळला तर ऐकणारा तो संदर्भानें भरून काढतो. पण तोच ध्वनि दोन सेकंदांनीं येऊन दाराशीं उभा राहिला तर त्याचा कांहींएक उपयोग नसतो. दुपारच्या जेवणाचा डबा संध्याकाळीं पांच वाजतां पोंचविण्यासारखेंच तें आहे.

हें सत्य प्रथम प्रयोगानें जाणणाऱ्यांत डॅनी कोहेन या शास्त्रज्ञाचें नांव अग्रभागीं येतें. कॅलिफोर्नियांतील एका संशोधनसंस्थेंत तो काम करीत असे. १९७४ सालीं त्याची संस्था आणि मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळा यांच्यामध्यें अर्पानेटवरून, पाकिटांच्या द्वारें, प्रत्यक्ष संभाषण घडवून आणण्यांत आलें. त्या जाळ्याच्या तारांची क्षमता सेकंदाला सुमारें ५०,००० बिट होती. म्हणजे नेहमींच्या रीतीनें लिहिलेलें एका माणसाचें बोलणेंहि त्यांत मावलें नसतें. त्याच वर्षाच्या अखेरीस बोलणें सेकंदाला ३,५०० बिटांपर्यंत आंखडून पाठविण्याचा प्रयोगहि यशस्वी झाला. आवाज यंत्रासारखा कोरडा येई, पण शब्द कळत.

या प्रयोगांचा परिणाम एका संभाषणापुरता राहिला नाहीं. तेव्हां इंटरनेटच्या मूळ नियमांची रचना चालू होती, आणि पाकीट पोंचविणें व हरवलेलें पाकीट पुन्हां मागविणें हीं दोन्हीं कामें एकाच नियमावलींत गुंफलेलीं होतीं. आवाजाला पहिलें काम हवें आहे, दुसरें नको, असा आग्रह कोहेन आणि त्याचे सहकारी यांनीं धरला. १९७८ च्या सुमारास हीं कामें वेगळीं करण्यांत आलीं, आणि १९८० सालीं केवळ पाकीट सोडून देणारी, मागें वळून न पाहणारी अशी एक साधी रीत लिहून झाली. आजचें बहुतेक संभाषण त्याच रीतीनें चालतें. १९९६ सालीं तिच्या जोडीला प्रत्येक पाकिटावर अनुक्रमांक व वेळ नोंदविण्याचा नियम आला, आणि आवाजाच्या टपालाची मूळ घडी बसली.

पाकिटें निघतात समान अंतरानें, पण पोंचतात मात्र विषम अंतरानें. एखादें लौकर, एखादें रेंगाळत. तीं आलीं तशीं वाजविलीं तर बोलणें अडखळत, उड्या मारीत ऐकूं येईल. यावरचा उपाय पंगतीच्या व्यवहारांत पाहावयास मिळतो. मुदपाकखान्यांतून भात कधीं लौकर येतो, कधीं उशिरा. पण वाढप्याच्या हातांतील भांड्यांत थोडा सांठा असल्यामुळें पंगतीला खंड जाणवत नाहीं. ऐकणाऱ्याच्या यंत्रांतहि असेंच एक भांडें असतें. आलेलीं पाकिटें त्यांत क्षणभर थांबतात, अनुक्रमानें लागतात, आणि मग ठराविक तालानें वाजविलीं जातात. भांडें मोठें ठेवलें तर खंड पडत नाहीं, पण उत्तरास उशीर होतो. लहान ठेवलें तर उत्तर लौकर येतें, पण मधले ध्वनि गळतात. यंत्र क्षणोक्षणीं हा तोल सांभाळीत असतें.

किती उशीर माणसाला सोसतो, याचेंहि माप ठरलेलें आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणें एका टोकाच्या तोंडापासून दुसऱ्या टोकाच्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आंत शब्द पोंचला तर बहुधा कोणाला कांहीं जाणवत नाहीं. ४०० च्या पुढें मात्र जाऊं नये. पुणें व शिकागो यांमधील सरळ अंतर सुमारें १३,००० किलोमीटर आहे. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसत्या प्रवासाला ६५ मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्षांत केबल समुद्रतळावरून वळणें घेत जाते, त्यामुळें हा आंकडा सहज शंभराच्या पुढें सरकतो. त्यांत पाकीट भरण्याचे २० मिळवावे, भांड्यांत थांबण्याचे ४० मिळवावे, कीं १५० ची मर्यादा ओलांडलीच. म्हणून आजी आणि नातू कधीं कधीं एकदम बोलूं लागतात, आणि मग दोघेहि एकदम थांबतात. दोष त्यांच्या रीतीभातींचा नसून वाटेचा असतो.

जुन्या पिढीला हा अनुभव अगदींच अपरिचित नाहीं. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ आर्वी येथें १९७१ सालीं विक्रम हें उपग्रह-केंद्र सुरू झालें, आणि परदेशाशीं होणारें बोलणें आकाशमार्गें जाऊं लागलें. असा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटरांवर असतो. तेथवर जाऊन परत येण्यास शब्दाला जवळजवळ पाव सेकंद लागे. प्रश्न विचारल्यावर उत्तर ऐकूं येण्यापूर्वीं जी शांतता पसरे, तिच्यांतील अर्धा सेकंद निसर्गनियमाचा होता. विलंबाबरोबर प्रतिध्वनीहि छळतो. आपलाच शब्द उशिरा परत येऊन कानावर आदळला कीं बोलणारा गोंधळतो. म्हणून तो परतणारा आवाज ओळखून वजा करणारी योजना प्रत्येक यंत्रांत करावी लागते.

हरवलेल्या पाकिटाची जागाहि मोकळी सोडीत नाहींत. कीर्तनकार श्वास घेण्यास थांबला असतां पेटीवाला जसा सूर धरून ठेवतो, तसें यंत्र मागच्या ध्वनीच्या आधारें कांहीं मिलिसेकंदांचा ध्वनि स्वतःच रचतें. उलट, बोलणारा गप्प असतांना पुष्कळ यंत्रें पाकिटें पाठवीतच नाहींत. पण पूर्ण शांतता पसरली तर संबंध तुटला, असें वाटून ऐकणारा 'हॅलो, हॅलो' करूं लागतो. म्हणून अशा वेळीं एक मंद सळसळ मुद्दाम ऐकविली जाते. ती सळसळ दुसऱ्या टोकाहून आलेली नसते; ती ऐकणाऱ्याच्याच यंत्रांत तयार होते.

संभाषण जुळविण्याचें काम मात्र आवाजाच्या पाकिटांकडे नसतें. लग्न ठरवितांना मध्यस्थ दोन्हीं घरांचीं बोलणीं जमवून देतो आणि मग बाजूला होतो, तसा एक स्वतंत्र नियम येथें आहे. त्याचें पहिलें रूप १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. ज्याला बोलवावयाचें तो या क्षणीं कोणत्या पत्त्यावर आहे याचा तो शोध घेतो, त्याच्या यंत्राची घंटा वाजवितो, आणि आवाज कोणत्या पद्धतीनें लिहावयाचा हें दोघांत ठरवून देतो. त्यानंतर आवाज दुसऱ्याच, शक्य तेवढ्या जवळच्या, वाटेनें जातो. पलीकडचें यंत्र साध्या दूरध्वनीचें असेल तर वाटेंत एक दुभाषी यंत्र पाकिटें फोडून त्यांचा पुन्हां अखंड आवाज करून देतें.

१९९५ सालीं व्होकलटेक या इस्रायली कंपनीनें संगणकावरून बोलण्याची सोय प्रथम बाजारांत आणली. भारतांत १ एप्रिल २००२ पासून या सोयीस मर्यादित मुभा मिळाली: संगणकावरून संगणकाशीं, आणि येथील संगणकावरून परदेशांतील दूरध्वनीशीं बोलतां येऊं लागलें, देशांतील साध्या दूरध्वनीशीं ही जोडणी करण्याची बंदी मात्र कायम राहिली, आणि परवानाधारक कंपन्यांना ती वाट मोकळी होईपर्यंत २०१८ साल उजाडलें. मधल्या काळांत २००३ सालीं निघालेल्या स्काइपनें ही कला घरोघर पोंचविली; ती सेवा २०२५ सालीं बंद झाली, पण कला राहिली. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओचें जाळें सुरू झालें, त्यांत जुन्या पद्धतीची आवाजाची वाट मुळांतच ठेवलेली नव्हती. तेथें साधा मोबाईल कॉलहि पाकिटांनींच जातो. मात्र मोबाईलच्या अशा जाळ्यांत कॉलच्या पाकिटांना इतर पाकिटांच्या पुढें जाण्याचा हक्क आणि ठराविक जागा राखून दिलेली असते. इतर ॲपवरचें बोलणें गर्दीच्या वेळीं तुटतें आणि साधा कॉल टिकतो, त्याचें हें एक कारण. जुन्या दूरध्वनीची राखीव जागेची कल्पना नव्या जाळ्यालाहि शेवटीं मान्य करावी लागली.

या स्थित्यंतरांत जी गोष्ट नकळत हातची गेली, तिचा उल्लेख केल्यावांचून हें विवेचन पुरें होणार नाहीं. जुन्या दूरध्वनीला लागणारी वीज त्याच तारेवरून, एक्स्चेंजमधील ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून येत असे. गांवांत अंधार झाला तरी घरचा फोन चालू राही, आणि तार एका ठराविक घरांत शिरत असल्यामुळें हांक कोठून आली हेंहि कळे. पाकिटांच्या फोनला घरांतील राउटरची वीज लागते; ती गेली कीं फोन मुका होतो. शिवाय त्याचा पत्ता जाळ्यांतला असतो, गल्लींतला नसतो. अमेरिकेंत २००५ सालीं सरकारी दळणवळण आयोगाला असा आदेश काढावा लागला कीं, साध्या दूरध्वनीशीं जोडलेल्या इंटरनेट-सेवांनीं ९११ या संकटकालीन क्रमांकाची सोय दिलीच पाहिजे, आणि ग्राहकानें नोंदविलेलें ठिकाण मदत-केंद्रास कळविलें पाहिजे. ब्रिटनमध्यें जुनी तारांची व्यवस्था बंद करण्याचें काम चालू असतां, वृद्ध व आजारी माणसांच्या घरचीं मदत मागण्याचीं यंत्रें नव्या जोडणीवर चालेनाशीं झाल्याचे गंभीर प्रकार २०२३ सालीं उघडकीस आले. तेव्हां सक्तीचे बदल थांबवावे लागले, आणि २०२४ सालीं अंतिम मुदत जानेवारी २०२७ पर्यंत लांबविण्यांत आली.

यावरून घरगुती व्यवहाराला उपयोगी अशा दोन-तीन गोष्टी निघतात. ज्या घरांत दूरध्वनि इंटरनेटच्या जोडणीवर चालतो, तेथें राउटरला आणि कांचतंतूच्या पेटीला इन्व्हर्टरची किंवा लहान बॅटरीची जोड असावी. दोहोंपैकीं एकच चालू राहून उपयोग नाहीं. घर बदललें तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे नवा पत्ता त्वरित नोंदवावा. आणि घरांत एखादें वृद्ध किंवा आजारी माणूस एकटें असेल, तर त्याच्यापाशीं निराळ्या जाळ्यावर चालणारा, चार्ज केलेला एक मोबाईल हाताशीं ठेवावा.

पाकिटांच्या या व्यवस्थेनें दूरच्या माणसाचें बोलणें सामान्य घराच्या आंवाक्यांत आणलें, ही लहान गोष्ट नव्हे. ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांत न मावलेली पुष्कळ माया आज त्या वाटेनें जाते. परंतु ज्या स्वस्ताईमुळें हें साधलें, ती वचन न देण्याच्या अटीवर मिळालेली आहे. खुशालीच्या बोलण्यांत एखादा शब्द गळला तर तो पुन्हां विचारतां येतो. मध्यरात्रीं मदतीसाठीं मारलेली हांक पुन्हां मारण्याची संधि मिळेलच असें नाहीं. त्या एका हांकेपुरती तरी जुन्या तारेची खात्री नव्या जाळ्यांत कायद्यानें आणि तजविजीनें परत आणणें, हें अभियंते, सरकार आणि घरचीं माणसें या सर्वांचेंच काम आहे.